माप न घेता शिवलेला कोट

नाना, काल शिंप्याच्या दुकानात माझ्या तोंडून तुम्ही बोललात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. धाकट्या मुलाला घेऊन गेलो होतो. त्याला मुंबईहून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि वैशाखात त्याचं लग्नही आहे. कापडावर सरकारी कंट्रोल, त्यामुळं खटपट करून जेमतेम एका सुटाचं कापड हाती आलं. शिंपी तरुण आहे, सुरतेला शिकून आलेला. त्यानं विचारलं, सूट कोणत्या कामासाठी? मुलगा म्हणाला, दोन्ही कामांसाठी. शिंपी म्हणाला, मग जरा ढिला ठेवतो, दोन्हीकडं चालून जाईल. हे ऐकलं आणि मी खुर्चीवरून उठलोच. म्हटलं, दोन्हीकडं चालणारा कोट कुठंच चालत नाही. मुलाखतीला हा उभा असणार आणि बघणारे बसलेले असणार, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर याचं तोंड नाही, याच्या कोटाचं खालचं बटण येणार. तिथं समोरच्या कडा एका रेघेत पडल्या पाहिजेत. लग्नात हा दिवसभर बसणार आणि बघणारे उभे असणार. तिथं खांदे आणि गळा बघतात. तेव्हा मुलाखतीचाच शिव, लग्नात लोक तसंही नवरीकडं बघतात. शिंपी हसला. मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. कापसाच्या जिनातल्या कारकुनाला हे कुठून सुचलं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याला काय सांगू? हे सगळं तुमचं, त्याच्या आजोबांचं. शब्दसुद्धा तुमचे. मी फक्त तुमच्या अहिराणीचं शाळेतलं मराठी केलं होतं.

मग शिंप्यानं टेप काढली. छाती, पोट, खांदा, बाही, पाठ, मुंढा. एकेक आकडा तो मोठ्यानं म्हणत होता आणि त्याचा माणूस वहीत उतरवत होता. एकूण सतरा मापं. मुलगा हात पसरून मजेत उभा. मी मात्र टेप त्याच्या अंगावरून निघेपर्यंत श्वास धरून बसलो होतो. एवढ्या वर्षांनीसुद्धा. घरी आल्यावर स्वतःचीच चीड आली, आणि मग ती तुमच्याकडं वळली, जशी नेहमी वळते. म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. जिवंत होतात तेव्हा तुम्हाला वाचून दाखवायला मी होतो आणि तेव्हा यातलं एक अक्षर मी बोललो नाही. आता बोलतो.

नंदुरबारच्या बाजारात मारवाडी शेठच्या कापडदुकानाचा तो ओटा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आत गादीवर शेठ, बाहेर ओट्यावर तुम्ही. आत कापड फाडलं जायचं आणि दोन पावलांवर तुमच्या मांडीवर येऊन पडायचं. उजव्या हाताला कोळशाची इस्त्री, डाव्या हाताला कैची, आणि पाठीमागं भिंतीवर एका सुतळीला ओवलेल्या कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक पट्टी, तिच्यावर कैचीनं पाडलेल्या खाचा. ही खाच छातीची, ही कमरेची, ही बाहीची. वाचता न येणाऱ्या माणसानं अर्ध्या तालुक्याची अंगं त्या सुतळीला टांगून ठेवली होती. वाऱ्यानं पट्ट्या फडफडल्या की तुम्ही मान वर न करता सांगायचात की आता अमक्याची पट्टी वाजली. खोटं असेल, पण मला ते खरं वाटायचं. मला तेव्हा सगळंच खरं वाटायचं. तुमचं मशीनसुद्धा भुजंगप्रयातात चालतं असं मला वाटायचं, एक हलका ठोका आणि दोन जड, आणि शाळेतल्या सगळ्या कविता मी त्याच ठोक्यावर पाठ केल्या. वृत्त कोणतं का असेना.

तुमच्यासारखा कोट बेतणारा तापीच्या या अंगाला दुसरा नव्हता, हे मी रागातसुद्धा कबूल करतो. राग त्याचाच आहे. तुम्हाला येत नसतं तर मी काही म्हटलंच नसतं. वकिलाचा काळा कोट तुम्ही मुंढ्यात, काखेशी, मोकळा ठेवायचात, कारण कोर्टात हात वर करून बोलायचं असतं आणि हात वर केला की कोटाची पाठ गळ्याकडं धावता कामा नये. खांडबाऱ्याच्या जंगलखात्यातल्या साहेबाला खाकी कोट हवा असायचा. त्याचे खिसे तुम्ही तिरपे लावायचात, म्हणजे झुडपात अडकत नाहीत. तोरणमाळावर जाणाऱ्या कारकुनाला घोड्यावर बसायचं असायचं, त्याच्या कोटाची मागची चीर चार बोटं वर. आणि मामलेदार कचेरीतल्या अव्वल कारकुनाचा तो कोट, कलेक्टरसाहेबाच्या दौऱ्यासाठी शिवलेला! तो तुम्ही त्याला वाकायला लावून बेतला होता. दहा वेळा मुजरा करायला लावलात बिचाऱ्याला. म्हणालात, साहेबापुढं हा माणूस अर्धा दिवस वाकलेलाच असणार, मग कोट ताठ उभ्या माणसाचा कशाला? बाजारात आठवडाभर लोक ते सांगून हसत होते. अव्वल कारकूनही हसला, आणि कोट घालून गेला, आणि म्हणाला की कोट अंगावर आहे हे दिवसभर जाणवलंसुद्धा नाही.

प्रकाशा गावाला गेलो होतो तो दिवस तर मला पाठ असलेल्या कवितेसारखा येतो. तिथल्या पाटलांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं आणि पाटलांनी स्वतःसाठी बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला होता. धुतलेल्या पंच्यात कोट बांधून तुम्ही पुढं, मी मागं. वाटेत तापीच्या काठानं मी मोठमोठ्यानं कविता म्हणत होतो, आणि तुम्ही नुसते ऐकत होतात. पाटलांच्या ओसरीवर पाटलांनी कोट घातला, छाती पुढं काढून उभे राहिले आणि तुम्ही म्हणालात, ‘पाटील, आते बठा. मांडी घालीसन बठा.’ पाटील म्हणाले, ‘भो, कोट उभ्याउभ्या दखतस का बठीसन?’ तुम्ही सांगितलंत की लग्नात ते दिवसभर बसणार आहेत, उभं राहायचा कोट वकिलाला. मग पाटील बसले. बसल्यावर गळ्याशी एक चुणी आली. तुम्ही तिथंच, त्यांच्या समोर उकिडवे बसून, ती चुणी नखानं धरली, खडूनं खूण केली, अंगावरचा कोट उतरवून घेतलात आणि उन्हं कलेपर्यंत ओसरीवर बसून गळा उसवून पुन्हा लावलात. एका चुणीसाठी. परक्या माणसाच्या गळ्याशी आलेल्या, कोणाला दिसणारसुद्धा नाही अशा चुणीसाठी तुम्ही अर्धा दिवस दिला, नाना. हे लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

परत येताना तुम्ही मला विचारलंत, ‘कवितालेबी माप ऱ्हास का?’ मी मोठ्या ऐटीत लघुगुरू समजावून दिले. तुम्ही बोटं दुमडत, ओठ हलवत दोन ओळी मोजल्यात आणि तिसऱ्या ओळीत माझी चूक काढलीत. मी एक शब्द जास्तीचा घातला होता. तुम्ही म्हणालात, इथं शिवण फुगली. त्या दिवशी मला वाटलं होतं की माझ्या बापासारखा बाप कोणाला नाही. आज तीच गोष्ट आठवते आणि दात आवळले जातात. कवितेचं माप तुम्ही एका वाटेत शिकलात. माझं माप तुम्ही जन्मात घेतलं नाही.

आपल्या घरातली ती रीत. घरच्या माणसाच्या अंगाला दोरी किंवा पट्टी लावायची नाही. माय सांगायची, ‘घरना मानूसले दोरी लावतस नही.’ का, ते सांगायची नाही. बाहेरच्या सगळ्यांची मापं सुतळीवर आणि घरच्यांचे कपडे अंदाजानं. माझे सदरे, बंड्या, सगळं तुम्ही डोळ्यानं बेतायचात, आणि सदऱ्याला ते चालून जायचं. सदरा सगळं पोटात घालतो. कोट घालत नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी मॅट्रिक झालो, तेव्हा आपल्या गल्लीत शिंप्याच्या घरात पहिलाच. धुळ्याला मामाकडं राहून शिकलो आणि परत आलो तो अहिराणी विसरल्यासारखा बोलत. बाजारातले लोक मला मास्तर म्हणून चिडवायचे, आणि मला खरोखरच मास्तर व्हायचं होतं. दुसरं काही नकोच होतं. वर्गापुढं उभं राहून कविता म्हणायची, मुलांकडून म्हणून घ्यायची आणि त्यासाठी महिन्याला पगार मिळायचा, या जगात अशी नोकरी असू शकते याचंच मला नवल होतं. धुळ्यातल्या एका खाजगी इंग्रजी शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवायला माणूस हवा होता. अर्ज केला, बोलावणं आलं. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष रिटायर मामलेदार होते, त्यांच्याच घरी मुलाखत. तुम्ही पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलंत. मग आत जाऊन शेठकडून राखी रंगाचं कापड आणलंत. एका कोटापुरतं. म्हणालात, मास्तरचा कोट म्हणजे खडूची पूड दिसणार नाही असा रंग. एवढा विचार केलात! रंगाचा विचार केलात, नाना.

लगीनसराई होती. गिऱ्हाइकांची कामं आधी आणि घरचं मागं, हे मला मान्य होतं. पण एक दुपार मी ओट्यावर आलो तर तुम्ही माझा कच्चा कोट घालून उभे. पांढऱ्या धाग्याचे मोठे टाके, एक बाही लावलेली, एक नाही. शेजारच्या ओट्यावरचे पिंजारीकाका तुमच्या पाठीमागं टाचण्या धरून उभे आणि तुम्ही मान वळवून वळवून त्यांना विचारताय, कसा पडला, कसा पडला. काका म्हणाले, नवरदेव दिसतोस. मी म्हटलं, नाना, कोट माझा आहे. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते आजही मशीनच्या ठोक्यासारखं डोक्यात वाजतं. ‘मले बसना तर तुलेबी बसालेच जोयजे. मन्हाच आंडोर शे ना तू?’ बापाला बसला तो मुलाला बसणारच, यावर सगळे हसले. मीही हसलो. उंची आपली सारखीच होती. मला वाटलं, कोट बेतणारा माणूस म्हणतोय तर असेलच.

उंची सारखी होती. पाठ कुठं सारखी होती? तीस वर्षं ओट्यावर मांडी घालून सुईवर वाकलेली तुमची ती पाठ, धनुष्यासारखी झालेली. उजवा खांदा कैचीनं खाली ओढलेला. तुम्हाला ते दिसत नव्हतं, कारण स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही. आणि पिंजारीकाकांना ते वावगं वाटलं नाही, कारण त्यांची पाठही तशीच. तुमच्या अंगावर कोट सुरेख बसला, बसणारच. वाकलेल्या माणसाची पाठ लांब असते आणि पुढची बाजू आखूड, तसाच तो बेतला गेला. ओट्यावरचा आरसा तळहाताएवढा. निघायच्या दिवशी सकाळी कोट तयार झाला, मी घातला, आरशात गळा पाहिला, टोपी पाहिली, पाया पडलो आणि आगगाडीत जाऊन बसलो. दोंडाईच्याहून पुढं टांगा. सगळ्या वाटेत काखेत काहीतरी टोचत होतं. मला वाटलं, नवं कापड आहे.

अध्यक्षांच्या दिवाणखान्यात माणसाएवढा आरसा होता. मी आत शिरलो आणि समोरून एक राखी कोट आत येताना पाहिला. नमस्कारासाठी वळलो तशी त्याची बाजूही दिसली. कॉलर मानेपासून चार बोटं सुटलेली. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, उशी कोंबल्यासारखा फुगा. पुढचे दोन्ही पदर बेंबीपासून फाकून बाजूला पळालेले. उजव्या खांद्यापासून काखेपर्यंत एक तिरपी चुणी. तुम्ही अर्धा दिवस देऊन उसवली होतीत तसली नाही, तिच्या दसपट. मी वीस वर्षांचा, काठीसारखा सरळ, आणि कोट म्हणत होता की हा माणूस कुबडा आहे. कमिटीचे तिघं बसलेले होते. अध्यक्षांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘काय हो, हा कोट तुमचा, की तुम्ही कोटाचे?’ बाकीचे दोघं हसले. हेडमास्तरांनी तोंडावर रुमाल धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसू माझ्या कानात चाळीस वर्षं आहे.

नोकरी मिळाली नाही. ती कशी गेली ते मी तुम्हाला सांगितलं, आणि कुठं सांगितलं ते तुम्ही विसरला नसाल. स्टेशनवरून घरी न जाता तडक ओट्यावर आलो. बाजाराचा दिवस होता. शेठ गादीवर होते, पिंजारीकाका होते, आणि वकीलसाहेब नव्या कोटाची कच्ची शिलाई बघायला येऊन अंगात एक बाही घालून उभे होते. मी कोट काढला आणि तुमच्या मशीनवर टाकला. म्हटलं, ‘तुमच्या या कोटानं माझी नोकरी घालवली. सगळ्या गावाची मापं घेता, माझं घ्यायला तुम्हाला हात नव्हते?’ ते मी अहिराणीत म्हटलं नाही. शाळेतल्या मराठीत म्हटलं, वकिलांना प्रत्येक शब्द नीट कळेल असं. तुम्ही कोट उचललात. त्याची पाठ उजेडाकडं केलीत, हात आत घालून ती फुगवलीत आणि बराच वेळ बघत राहिलात. मला वाटतं, तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला तुमची स्वतःची पाठ दिसली. वकील म्हणाले, ‘शिंपीबुवा, माझा तरी माझ्याच मापाचा आहे ना?’ ते गमतीनं बोलले. माणूस वाईट नव्हता. पण बाजारात गंमत पसरायला किती वेळ लागतो? पोराचा कोट ज्याला बेतता आला नाही तो शिंपी. पुढच्या लगीनसराईत पाटलांचा कोट शहाद्याला शिवला गेला. अव्वल कारकुनानं धुळ्याहून शिवून आणला. कोटाचं काम आपण होऊनच सोडल्यासारखं तुम्ही चोळ्या, परकर, गाद्यांचे अभ्रे शिवायला लागलात. सुतळीवरच्या पट्ट्यांवर धूळ बसली.

तुमची दया यावी असं यात पुष्कळ आहे, मला कळतं. पण दया आली की लगेच दुसरं आठवतं. त्या दिवाळीनंतर मी कापसाच्या जिनात कारकून म्हणून लागलो. तीस वर्षं रुई नाकातोंडात घेत गाठी मोजल्या. कविता कोणाला म्हणून दाखवू, हमालांना? दाखवल्यासुद्धा. एक हमाल माझ्या तोंडून ऐकून अख्खी कविता शिकला आणि गाठ उचलताना म्हणायचा. तेवढाच माझा वर्ग. रस्त्यानं शाळेतली मुलं जाताना दिसली की मी मान फिरवायचो. आज तुम्हाला मोकळं सांगतो, त्या मुलांना बघून मला तुमचा राग यायचा. मुलांचा काय संबंध? पण यायचा. मी मनात म्हणायचो, माझ्या बापानं मला शिंप्याच्या पाठीचा कोट शिवला, कारण त्याच्या मनात मी शिंपीच होतो. आज ना उद्या ओट्यावर बसेन, वाकेन आणि मग कोट बरोबर बसेल, असाच हिशेब असणार. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते मला तुमच्याच तोंडून ऐकल्यासारखं वाटायला लागलं. तुम्ही तसं कधी म्हणाला नव्हतात.

आणि ती दुपार. मी जिनात लागून महिना झाला असेल. माय बाहेर गेलेली. तुम्ही ओटा सोडून अवेळी घरी आलात, दार लोटलंत आणि बंडीच्या खिशातून कोरी कागदाची पट्टी काढलीत. दुसऱ्या हातात कैची. म्हणालात, ‘उभा ऱ्हाय.’ मला समजेना. तुम्ही माझ्या तोंडाकडं न बघता म्हणालात, ‘तुन्हा मोठा भाऊनं माप लिधं व्हतं म्या. मंग तो वाचना नही.’ मला भाऊ होता हेच मला माहीत नव्हतं. माझ्या आधीचा, तीन वर्षांचा. कोणाच्या तरी लग्नासाठी त्याचा अंगरखा शिवायला तुम्ही पट्टी लावलीत, आणि अंगरखा पुरा व्हायच्या आत तो तापानं गेला. तेव्हापासूनची ती रीत. तुम्ही आणि मायनंच घातलेली. एवढं सांगून तुम्ही पट्टी घेऊन पुढं झालात, आणि तुमच्या अंगाला कोळशाचा आणि मेणाचा वास येत होता, आणि तुम्ही माझ्या खांद्याला हात लावणार इतक्यात मी मागं सरलो. म्हटलं, आता नको. जिनात कोट लागत नाही.

तुम्ही पट्टीची घडी केलीत आणि ओट्यावर परत गेलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. नंतरच्या साथीत चार दिवसांत गेलात. त्या दुपारी मी काय नाकारलं ते मला तेव्हाही कळलं होतं, हे लक्षात घ्या. न कळून नाही, कळून नाकारलं. तुम्हाला वाटत होतं की माप घेतलं की मुलगा मरतो, आणि तरी तुम्ही पट्टी घेऊन आलात. मी सरळ उभा राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मला तुमच्यावरचा राग हवा होता. तो माझ्या अंगाला बरोबर बसला होता. आणि तुम्हीही एकदा विचारून थांबलात, पाटलाच्या चुणीसाठी अर्धा दिवस बसलात आणि माझ्यासाठी एका नकारावर उठलात, हे मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

आता जे सांगायचं म्हणून बसलो आणि पाच पानं झाली तरी टाळत आलो, ते सांगतो. मुलाखतीला ते तिघं हसले, ही गोष्ट खरी. पण हसून झाल्यावर अध्यक्ष उठले. त्यांनी मला स्वतःच्या हातानं पाणी दिलं आणि म्हणाले, नवा कोट त्रास देतो, काढून ठेवा, उन्हाळ्याचे दिवस आहेत, सदऱ्यावरच कविता म्हणा. मी कोट काढला, त्यांच्या नोकरानं तो घेऊन खुंटीला लावला. हेडमास्तर म्हणाले, तुमच्या आवडीची कोणतीही कविता, वर्गापुढं म्हणता तशी. मी घाटावरच्या संध्याकाळची म्हणायला घेतली, तुमच्या मशीनवर पाठ केलेली, प्रकाशाच्या वाटेवर म्हटलेली. पहिली दोन कडवी अशी म्हटली की ते तिघंही पुढं सरकून बसले. अध्यक्षांनी डोळे मिटले. तिसऱ्या कडव्यात घाटावर दिवे लागतात. ते मला आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच आलो. ते थांबले, बराच वेळ थांबले. हेडमास्तरांनी पहिला शब्दसुद्धा सांगितला. पण दिवे काही लागले नाहीत.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या सुनेला नाही, मुलांना नाही, आणि त्या बाजाराच्या दिवशी ओट्यावर तर नाहीच. मी सदऱ्यावर उभा होतो, नाना, तुम्ही अंदाजानं शिवलेल्या सदऱ्यावर, आणि तो मला कुठंही टोचत नव्हता.

कोट मात्र वाकडाच होता. ते मी मागं घेत नाही.